‘समजलं का?’ हा प्रश्न नव्हे

जव्हार-मोखाड्याच्या मुली लाजाळू, त्या बोलतच नाहीत, हे शिक्षकांच्या तोंडून ऐकून मी कंटाळले आहे. कामानिमित्त इथल्या आश्रमशाळांत जाते, वर्गात मागे बसते. म्हणून विचारते, मैत्रिणींनो, या मुलींना बोलायला जागा आहे कुठे?

वर्गातलं बोलणं नीट ऐका. ‘गप्प बसा’, ‘उभी राहा’ हे हुकूम. ‘घरी पाठवीन’ ही धमकी. ‘समजलं का?’ हा प्रश्न वाटतो, पण तोही हुकूमच. त्यावर सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हणायचं असतं. बोलणं ही कृती असते. आज्ञा, विनंती, तक्रार, नकार या सगळ्या कृतीच. मग आज्ञा शिक्षकांची आणि मुलींच्या वाट्याला फक्त होकार, ही वाटणी कोणी केली?

त्यात भाषेची अडचण. घरी वारली बोलणारी मुलगी थोरामोठ्यांनाही ‘तू’ म्हणते. त्यात अनादर नसतो. पहिलीतली एक मुलगी माझ्यासमोर म्हणाली, ‘गुरुजी, तू परत सांग ना.’ तिने विनंती केली होती. गुरुजींना उद्धटपणा ऐकू आला. वर्ग हसला. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.

शिक्षकांनाही वरून हुकूमच येतात, हे मला ठाऊक आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, की मूल भयमुक्त असावं, त्याला मत मोकळेपणाने मांडता यावं, शक्य तिथवर मातृभाषेत शिकवावं. कायद्याच्याही आधी, १९४५ साली बोर्डीत काम सुरू करून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पुढे कोसबाडला गेल्या. शाळा मुलांच्या अंगणात नेली. ते कोसबाड आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे!

हा केवळ अभ्यासाचा प्रश्न नाही. या मुली वसतिगृहात राहतात. ‘मला समजलं नाही’ म्हणायची जिला चोरी, ती ‘मला हात लावू नका’ कशी म्हणणार? लग्नाला ‘नाही’ कधी म्हणणार?

शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या मैत्रिणींनी हजेरीपटाबरोबर एवढंच विचारावं: आज कोणत्या मुलीने प्रश्न विचारला, आणि तिला काय उत्तर मिळालं? आणि हो, शिबिरात आपणही ‘समजलं का बायांनो?’ म्हणतोच. तेव्हा सुरुवात आपल्यापासून करू या.