नव्या प्राणिनिवाऱ्याची तजवीज

1832 साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाजाने दंगा केला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने पांजरपोळाची स्थापना झाली, हे स्मरले म्हणजे शहरातील मुक्या जनावरांचा प्रश्न कालपरवाचा नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

आज नगरपालिकेच्या दप्तरात नव्या प्राणिनिवाऱ्याची तजवीज निघाली की पहिली चर्चा होते ती कोनशिलेची व देणगीदारांच्या फलकाची. फरशीला मोरीकडे उतार किती, आणि पार्व्होची लागण झालेले पिलू इतरांपासून अलग कोठे ठेवावयाचे, हे सवाल मात्र इमारत उभी राहिल्यावर आठवतात. आमच्या मते नकाशाचा आरंभ मोरीपासूनच व्हावा. (स्थापत्यविशारद मित्र हसतील, खुशाल हसोत.)

2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे निर्बीजीकरण व रेबीजची लस झालेले, कानाचा कोपरा कातरलेले रस्त्यावरचे कुत्रे सामान्यतः जेथून आणले तेथेच परत सोडावयाचे असल्याने त्याचा पिंजरा म्हणजे चार दिवसांचे बिऱ्हाड होय. परंतु अपघातात पाय गमावलेले वा धन्याने टाकलेले जनावर तेथे वर्षानुवर्षे राहते, आणि त्याच्या दाणापाण्याची तरतूद करण्याची आठवण अंदाजपत्रक करणाऱ्यांना क्वचितच होते.

आपल्या गावी असा आराखडा हरकती व सूचनांसाठी जाहीर झाल्यास वाचकांनी मुदतीपूर्वी तो मागवून घ्यावा, आणि दाणापाण्याची रक्कम प्रथम पाहावी.