पाटीवर नसलेली नावं

दिवाळीआधी माळा आवरताना सासऱ्यांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा हाती लागला. कातडी कव्हर पार विरलेलं, पण खटका दाबल्यावर 'टक्' असा आवाज आला आणि जीव सुखावला. बडोद्याला बनणारा हा कॅमेरा एके काळी मुंजीला, सहलीला हमखास बाहेर निघायचा. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो! लेक म्हणाली, "आई, मोबाईल असताना हे डबडं कशाला?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

ते पंधरा दिवसांनी सुचलं. रस्तारुंदीसाठी आमच्या बाजारपेठेतल्या दुकानांवर लाल खुणा पडल्या. कुणाचं सहा फूट जाणार, कुणाचं दहा. म्हणजे दुकानाचा दर्शनी भागच जाणार. तो दगडी ओटा, ती नंबर टाकलेल्या फळ्यांची दारं, पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या, 'आज रोख उद्या उधार'... सगळंच. रस्ता रुंद व्हायला माझा मुळीच विरोध नाही. याच गर्दीत अडकलेली अँब्युलन्स मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण जे जाणार, त्याची निदान नोंद तरी राहायला नको का?

पुण्याहून रोल मागवला आणि एका सकाळी पदर खोचून बाजारात उभी राहिले.

हे वेड काही माझं एकटीचं नाही. पॅरिसमध्ये आत्जे नावाचा फोटोग्राफर १८९० च्या दशकापासून लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन जुन्या गल्ल्या, दुकानं टिपत हिंडायचा. १९२७ मध्ये तो वारला. त्याच्या मागे राहिलेल्या हजारो फोटोंचं काय झालं असतं कोण जाणे, पण बेरेनिस ॲबट नावाच्या तरुण अमेरिकन बाईने पुढच्याच वर्षी पैशांची जमवाजमव करून ते विकत घेतले आणि जपले. १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, तर तिथे जुनं पाडून उंच इमारती उभ्या राहत होत्या. मग तिनेही भलामोठा कॅमेरा उचलला. १९३५ पासून सरकारी योजनेतून पगार मिळू लागला आणि तिने त्या शहराचे तीनशेवर फोटो काढले. खिडकीत पाव रचलेली बेकरी, फुटपाथवर माल टांगलेलं हार्डवेअरचं दुकान... आपल्या पेठेतलंच वाटावं असं! ते दुकान होतं बावरी नावाच्या बदनाम वस्तीत. 'चांगल्या घरच्या मुली तिथे जात नाहीत' असं तिला ऐकवलं गेलं, तेव्हा 'मी फोटोग्राफर आहे, कुठेही जाईन' असं तिने बजावल्याचं सांगतात. १९३९ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक निघालं. फोटोंसोबतचा मजकूर एलिझाबेथ मॅककॉसलंड या दुसऱ्या बाईने मेहनतीने माहिती जमवून लिहिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता फोटो मुका असतो, त्याला बोलतं करावं लागतं.

आमच्या बाजारात मला याचाच अनुभव आला. मोबाईलवर काढले असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण हा डब्बा पाहून माणसं थांबली, बोलू लागली. एका किराणा दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आणि पुढे 'आणि सन्स'. आत एक सत्तरीच्या काकू पुड्या बांधत होत्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशा त्या लगबगीने बाजूला झाल्या. "दुकानाचा फोटो ना? मग माझं काय काम त्यात?"

लग्न होऊन आल्यापासून मसाले कुटणं, धान्य निवडणं, मालक परगावी गेले की गल्ला सांभाळणं, सगळं त्यांनी केलेलं. आणि त्यांचं काय काम! मी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं. पूर्ण नाव विचारलं तर त्या गोंधळल्याच. कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "पेपरात नको हं, तुझ्या वहीत लिही." वहीत लिहिलं आहे.

बचतगटाच्या कामात हे मी नेहमी बघते. दुकानात जन्म गेलेली बाई, पण फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी'. परवाना नवऱ्याच्या नावाने, जागा सासऱ्यांच्या नावाने. उद्या बदली गाळ्यांची यादी लागेल, तेव्हा त्यातही हिचं नाव नसेल. एका फोटोने हक्क मिळत नाही, हे मलाही कळतं. पण ती तिथे होती, एवढं तरी तो सांगेल. आणि नाव विचारण्यापासून सुरुवात झाली, तर गोष्ट कधी तरी कागदापर्यंत जाईल.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी पेठ असेल. जुना कॅमेरा नसला तर मोबाईल चालेल. पण घाई नको. बाराच फोटो आहेत असं समजून काढा. मालकाला आधी विचारा. आतल्या बाईला बाहेर बोलवा. मग तो फोटो मोबाईलमध्ये गाडून टाकू नका, कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने साल, दुकानाचं नाव, कोण कोण राबलं त्यांची नावं लिहा. बायकांची आधी लिहा! एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.

माझ्या रोलमधले दहाच फोटो धड आले. एकदा रोल फिरवायची विसरले आणि अत्तराच्या दुकानावर भांड्यांचं दुकान बसलं. काकूंचा फोटो मात्र स्वच्छ आला आहे. तो द्यायला गेले, तर त्यांनी कितीतरी वेळ निरखून पाहिला, मग उलटा करून मागचं स्वतःचं नाव वाचलं. गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी तो आता लावला आहे. दुकान मागे सरकलं की तोही सोबत जाईल.