अस्मानी कोणती, सुलतानी कोणती?

पेडणे व डिचोली तालुक्यांत पीक हातचे गेले, की आम्ही व्यापारी दैवाला बोल लावून मोकळे होतो. शेतकरी मात्र अस्मानी व सुलतानी यांतील भेद नेमका जाणतो. पावसाने ओढ दिली, अथवा ऐन कापणीत झोडपले, ती अस्मानी. तिच्याशी तो आपल्या परीने झुंजतो. खाजनांत खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पेरतो, बांध व मानशीची दारे राखतो. परंतु डिचोलीकडे पावसाच्या लोंढ्याबरोबर खाणीचा तांबडा गाळ शेतात उतरतो, त्यावर कोणते बियाणे चालणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. २०२४ साली डिचोलीत खनिजकाम पुनश्च सुरू झाले. प्रश्न मिटलेला नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. अस्मानीत शेतकऱ्याची उधारी पुढील हंगामापर्यंत थांबवावी व कोरगुटाला रास्त भाव द्यावा. सुलतानीत मात्र गाळ अडविण्याची व नुकसानभरपाईची त्याची मागणी आपण आपली मानावी. शेत पिकले तरच पेठ चालते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.