तोंड खवळते तेव्हा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर पुस्तकांचे कपाट आवरताना सार्थ ज्ञानेश्वरीच्या मागे आम्हाला फरसाणाची दोन रिकामी पाकिटे आणि बटाट्याच्या वेफर्सचे एक अर्धे पाकीट सापडले. अर्ध्या पाकिटाचे तोंड नीट दुमडून त्याला रबर लावलेले होते. आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठीचे अध्यापक. कपाट दोघांचे, पुस्तके दोघांची. पाकिटे मात्र एकाचीच होती आणि ती कुणाची हे विचारावे लागले नाही. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच आमच्यापैकी एकाच्या रक्ततपासणीत एचबीएवनसीचा आकडा ६.२ आला होता. ६.५ पासून पुढे मधुमेह मानतात; ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ज्या घरात वडिलांच्या पायाची दोन बोटे याच रोगापायी काढावी लागली, त्या घरातील माणसाला हा आकडा समजावून सांगण्याची गरज नसते. डॉक्टरांनी कागद परत देताना एवढेच म्हटले होते, "जरा मनावर ताबा ठेवा."

दुसऱ्याने यावर शहाजोगपणा दाखवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या महाविद्यालयातील कप्प्यातही उत्तरपत्रिकांच्या दर गठ्ठ्यामागे एक पाकीट रिकामे होत होते. तेव्हा हा लेख दोषी आणि फिर्यादी असा लिहिलेला नाही. दोघेही एकाच पिंजऱ्यात उभे आहोत. आम्हाला विचारायचे आहे ते असे की, 'मनावर ताबा ठेवा' हा उपदेश योग्य ठिकाणी केलेला आहे काय?

व्यवसायाने भाषेचे असल्यामुळे आम्ही आधी शब्दांकडे वळलो. मराठीने भूक आणि ही दुसरी गोष्ट यांची कधी गल्लत केलेली नाही. भूक 'लागते', तोंड 'खवळते'. भूक भाकरीने शमते, खवळलेल्या तोंडाला भाकरी चालत नाही. त्याला 'चाळा' हवा असतो. जे खावेसे वाटते त्याला आपण अरबटचरबट, सटरफटर, चटकमटक असे म्हणतो. जंक फूड हा शब्द इकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून म्हणतो. जेवणाशी संबंध न ठेवता दिवसभर खाणारा 'चरत' असतो. यातील 'तोंड खवळणे' हा प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. तेथे कर्ता 'मी' नाही, तोंड आहे. समुद्र खवळतो, तसे ते खवळते. ती एक घडणारी गोष्ट आहे. उलट अशा माणसासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत, म्हणजे हावरा, अधाशी, खादाड, चटोर, ते सगळे आरोप आहेत. भाषेने अवस्थेला एका सुरात नाव दिले आणि माणसाला दुसऱ्या. काळाच्या ओघात आपण दुसरा सूर तेवढा पक्का धरला.

आपल्या ग्रंथपरंपरेतही हे दोन्ही सूर आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण रस मागे उरतो, असा विचार येतो. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी मोठी प्रांजळ गोष्ट सांगितली आहे. इतर इंद्रियांचे विषय तोडता येतात. रसाचे नियमन मात्र तसे हट्टाने होत नाही, कारण त्यावाचून जगणेच घडत नाही. वरची पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, तर झाड मरेल कसे, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंमध्ये जिभेचा धडा शिकवायला मासा येतो. आमिषाला भुलून गळाला लागलेला मासा. कीर्तनकार माशावर थांबतात आणि श्रोत्यांना रसना जिंकायला सांगतात. आम्हाला मात्र ज्ञानदेवांच्या त्या कबुलीपाशी थांबावेसे वाटते. तंबाखू सोडता येते, दारू सोडता येते, कारण त्यांच्यावाचून देह चालतो. खाणे सोडता येत नाही. ज्याच्याशी झगडायचे त्याच्याच समोर दिवसातून तीनदा जाऊन बसावे लागते. ज्ञानदेवांनी यावर सांगितलेला उपाय ब्रह्मानुभवाचा आहे. चौथ्या गठ्ठ्याशी अडलेल्या परीक्षकाच्या आवाक्यातला तो नव्हे.

मग सामान्य प्रपंचिकांसाठी परंपरेने काय केले? तिने दिनदर्शिका केली. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. पण त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपिठे, झुणका मनसोक्त. श्रावणात मांस-मद्य बंद. पण आदल्या अमावास्येला गटारी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी रचली आहे. म्हणजे माणसाच्या संयमाविषयी त्यांच्या फारशा भाबड्या कल्पना नव्हत्या. या व्यवस्थेचे मर्म आम्हाला असे वाटते की, रोज संध्याकाळी एकट्याने उठून 'आज खावे की न खावे' हा निर्णय घेण्याची वेळ तिने माणसावर आणली नाही. निर्णय पंचांगाने घेतलेला असे आणि तो पाळायला सारा शेजार सोबत असे. चकलीला भाजणी लागे, सोऱ्या लागे, अर्धा दिवस आणि दोन-चार बायकांचे हात लागत. डबा भरला की त्याची मोजदाद घरात कुणाला तरी ठाऊक असे.

याचा गौरव करताना हात आखडताच घेतला पाहिजे. त्या घरातील संयमाचा बराच भाग म्हणजे निव्वळ टंचाई होती. आमच्या आईवडिलांच्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाल्ली. त्यांच्यापुढे प्रश्न आवरण्याचा नव्हता, मिळण्याचा होता. शिवाय डब्याच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला त्या बायकाच सर्वांत शेवटी जेवत आणि उपासांचे सर्वाधिक ओझेही त्यांच्यावरच असे. पुरुषांच्या जिभेचा तोल बायकांच्या कष्टांनी सांभाळला जाई. ते दिवस परत यावेत असे आम्ही कदापि म्हणणार नाही. म्हणायचे आहे ते इतकेच की, तेव्हाही संयम ही एकट्या मनाची करामत नव्हती.

त्या टंचाईने दिलेला एक संस्कार आज नेमका उलटला आहे. 'पानात टाकायचे नाही' हे आम्हा दोघांना लहानपणी इतके पक्के शिकवले गेले की अन्न उरवणे आजही पापासारखे वाटते. पान आई वाढत असे, तोवर हा नियम सुरक्षित होता. आता पान कारखाना वाढतो. पाकीट केवढे असावे, हे आमची भूक पाहणाऱ्या कुणी ठरवलेले नसते आणि आम्ही मात्र ते सवयीच्या सचोटीने संपवतो. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा बसथांब्यावरच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या उपाहारगृहापर्यंत लोंबत असतात. त्यांना पंचांग नाही, सोवळे नाही, मोजदाद ठेवणारे कुणी नाही.

आत काय असते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमीत कमी प्रक्रियेचे अन्न दिले गेले. समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मेद, तंतू, मीठ यांचे प्रमाण दोन्ही वेळा जुळते ठेवले होते; हवे तेवढे खा, नको ते ठेवा, अशी मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात त्यांनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर जवळपास तेवढेच उतरले. येथे ध्यानात घ्यायचे ते हे की, माणसे तीच होती. पहिल्या पंधरवड्यात ती अधाशी आणि दुसऱ्यात संतवृत्तीची झाली, असे कुणी म्हणणार नाही. मन तेच होते, ताट बदलले होते.

हे ताट योगायोगाने तसे बनत नाही. मायकेल मॉस या पत्रकाराने २०१३ साली मीठ, साखर आणि मेद यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात या धंद्याची कार्यपद्धती विस्ताराने दाखवली आहे. गोडी नेमकी कोणत्या मात्रेला सर्वाधिक हवीशी वाटते, ते चाचण्या घेऊन ठरवले जाते. तिला 'ब्लिस पॉइंट' असे नाव आहे. तोंडात टाकताच विरघळून जाणारा कुरकुरीत घास असा घडवला जातो की खाल्ल्याची वर्दी मेंदूला उशिरा पोचावी. अवधूताच्या माशाला निदान गळ एकच होता आणि तो टाकणारा कोळी चाचण्या घेत नव्हता.

इच्छाशक्तीविषयी मानसशास्त्राने जे सांगितले, तेही आता पूर्वीइतके ठाम राहिलेले नाही. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून आम्ही अनेकदा ऐकला आहे: जे मूल समोरची मिठाई न खाता थांबते, ते पुढे आयुष्यात यशस्वी होते. २०१८ मध्ये अधिक मोठ्या आणि विविध स्तरांतील मुलांवर झालेल्या अभ्यासात हा संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती जमेस धरल्यावर आणखी क्षीण झाला. ज्या घरात उद्याची खात्री नाही, तेथील मुलाने आज मिळालेले खाऊन टाकणे हा दोष कसा म्हणावा? मिशेल यांच्याच संशोधनातील एक गोष्ट प्रशिक्षणवर्गांत क्वचितच सांगतात. मिठाई झाकून ठेवली की मुले कितीतरी अधिक वेळ थांबत. दात-ओठ खाऊन थांबण्यापेक्षा झाकण अधिक उपयोगी पडत होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. व्यवस्थेच्या नावाने बोटे मोडली की माणूस मोकळा झाला काय? दुकानातून पाकीट कुणी आणले? ज्ञानेश्वरीमागे कुणी दडवले? शिवाय फरसाण तर अस्सल देशी. त्याचे खापर परदेशी कंपन्यांवर कसे फोडणार? आम्हाला जबाबदारी नाकारायची नाही. तिची जागा बदलायची आहे. पाकीट फोडून मांडीवर घेतल्यानंतर मनावर ताबा ठेवणे, ही ती जागा नव्हे. तेथे बहुतेक जण हरतात आणि हरल्यावर लाजतात. लाजलेला माणूस खाणे सोडत नाही, लपवू लागतो. लपून खाताना घास मोजायला दुसरे कुणी नसते, म्हणून तो आणखी खातो. आमच्या कपाटाने हे आम्हाला पुरेसे शिकवले आहे. जबाबदारीची जागा त्याच्या बरीच आधी आहे: दुकानात, यादी करताना, घरात काय येईल हे दोघांनी ठरवताना.

आणि घराबाहेरही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. इतक्या माणसांची मने एकाच काळात एकदम दुबळी झाली, असे मानणे हे निदान आळशीपणाचे आहे. चिली या देशाने २०१६ पासून साखर, मीठ, मेद अधिक असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनात ठसठशीत इशारा छापायला लावला. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. कुठल्याही शाळेच्या फाटकापासून पन्नास पावले चालून वाचकांनी या मनाईचे काय झाले ते स्वतःच पाहावे. झाकण घालण्याचे काम समाजाचेही आहे, आणि ते टाळून प्रत्येकाला संयमाचे प्रवचन देणे स्वस्त पडते.

आमच्यापुरते सांगायचे तर, ते अर्धे पाकीट आम्ही फेकले नाही. त्याला लावलेला रबर पाहून हसू येण्याऐवजी वाईट वाटले. ज्याने तो लावला त्याला थांबायचे होते. तो मध्येच थांबलाही होता. त्याला हावरा म्हणणे अन्यायाचे झाले असते. त्या संध्याकाळी ते वेफर्स आम्ही एका ताटलीत ओतले आणि दिवाणखान्यात, दिवा लावून, दोघांनी मिळून खाल्ले.

तेव्हापासून घरात साठा नाही. शनिवारी संध्याकाळी एकच पाकीट येते आणि ताटलीतच खाल्ले जाते. आमच्याकडे आता दर शनिवारी कांदेनवमी असते, असे आम्ही थट्टेने म्हणतो. मधल्या वारी तोंड खवळत नाही असे नाही. परीक्षेच्या दिवसांत दोनदा नियम मोडला, आणि दोन्ही वेळा मोडणाऱ्याने घरी येऊन सांगितले. पुढची रक्ततपासणी व्हायची आहे. आकडा काय येईल ते ठाऊक नाही. ज्ञानेश्वरीच्या मागे मात्र आता फक्त भिंत आहे.