गाडी उंच झाली, स्टिअरिंग रुसलं!



सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, "मी अमेरिकेतल्या उंच उंच जीप आणि पिकअप गाड्यांची चित्रं जमवतो. एवढी उंच गाडी म्हणजे जास्त ताकदवान गाडी, हो ना?"

नाही बरं का! गाडीची ताकद येते इंजिनातून. नुसती उंची वाढवून ती तसूभरही वाढत नाही. उलट गाडी उंच केली की एक नवंच दुखणं मागे लागतं. तिचं स्टिअरिंग रुसतं! ड्रायव्हर चाक सरळ धरून बसलेला असतो, पण गाडी मात्र खड्डा आला की डावीकडे, उंचवटा आला की उजवीकडे धावू पाहते. हा रुसवा काढायचा तर इंजिनाची नव्हे, भूमितीची मदत लागते. 'भूमिती शिकून उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांनी तर आजचं पान नीटच वाचावं.

उंची कशासाठी?

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं एक गाव आहे. आजूबाजूला लालसर वालुकाश्माचे डोंगर. तिथे १९६७ पासून ईस्टरच्या दिवसांत जीपवाल्यांची जत्राच भरते म्हणा ना. तिकडे कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची दगडधोंड्यांची वाट आहे. त्या वाटेवर जीप घेऊन जाण्याचा मेळा १९५३ पासून होतो. अशा वाटांवर साधी गाडी नेली तर तिचं पोट खडकावर घासणार. म्हणून लोक मोठी चाकं बसवतात. मोठी चाकं अंगाला घासू नयेत म्हणून उंच स्प्रिंगा किंवा जास्त बाकाचे पाटे घालून गाडी चार-सहा इंच वर उचलतात. चार इंच म्हणजे साधारण १० सेंटिमीटर.

आता गंमत पाहा. वर गेलं कोण? गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी. खाली राहिलं कोण? चाकं आणि त्यांना जोडणारा पुढचा जाड लोखंडी ॲक्सल. आणि स्टिअरिंगचा अर्धा भाग असतो चासीवर, अर्धा ॲक्सलवर! घरातल्या दोघांनी एकच चादर पांघरली आणि एकजण उठून उभा राहिला, तर दुसऱ्याचं जे होईल तेच इथे होतं.

हातापासून चाकापर्यंत

ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं की ते एका पेटीत फिरतं. तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. ही पेटी चासीला घट्ट बसवलेली असते. पेटीतून एक छोटा हात बाहेर लोंबतो, तो पिटमन आर्म. त्याच्या टोकाला एक लांब दांडी असते, ती ड्रॅग लिंक. ही दांडी खाली ॲक्सलकडे जाते आणि एका चाकाच्या सांध्याला ढकलते किंवा ओढते. तिथून दुसऱ्या चाकापर्यंत आणखी एक दांडी जाते, तिचं नाव टाय रॉड. म्हणून दोन्ही चाकं बरोबर वळतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीत ड्रॅग लिंक बहुतेक आडवी, जमिनीला जवळजवळ समांतर असते. गाडी उंच केली की तिचं वरचं टोक चासीबरोबर वर जातं, खालचं टोक तिथेच राहतं. दांडी तिरपी होते, घसरगुंडीसारखी. सगळ्या भांडणाचं मूळ हेच.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा. तिच्यावर बरोबर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. एका भोकात टाचणी घालून पट्टी मोठ्या कागदावर टोचा. दुसऱ्या भोकात पेन्सिलीचं टोक घाला. टाचणी म्हणजे पिटमन आर्म, पट्टी म्हणजे ड्रॅग लिंक आणि पेन्सिल म्हणजे चाकाचा सांधा.

आधी पट्टी आडवी ठेवा. आता पेन्सिल ३ सेंटिमीटर वर न्या, म्हणजे चाक दगडावर चढलं असं समजा. पेन्सिल टाचणीकडे किती सरकली? जेमतेम दीड मिलिमीटर! डोळ्यांना दिसतही नाही.

आता पट्टी तिरपी करा. पेन्सिल टाचणीपेक्षा १२ सेंटिमीटर खाली येऊ द्या. ही झाली उंच केलेली गाडी. पुन्हा पेन्सिल ३ सेंटिमीटर वर न्या आणि आडवं अंतर मोजा. ती ११ मिलिमीटर बाहेर सरकली! दगड तोच, दांडी तीच, पण ढकलणं सातपटीहून जास्त.

आठवी-नववीतल्या ताई-दादांनी पायथागोरसचं प्रमेय वापरून हे ताडून पाहावं. कर्ण ३० सेंटिमीटर, उभी बाजू आधी १२, मग ९. आडवी बाजू किती बदलते ते काढा.

खऱ्या गाडीत ही सरक चाकाच्या सांध्याला ढकलते. ड्रायव्हरनं हात हलवलेला नसतो, तरी चाक वळतं! याला म्हणतात 'बंप स्टिअर', म्हणजे दणक्यानं आपोआप होणारं वळण. खडकातून बैलगाडीच्या वेगानं जाताना ते चालून जातं. पण तीच गाडी संध्याकाळी घरची माणसं घेऊन मोठ्या रस्त्यावरून ताशी ८० किलोमीटरनं परतत असते. तेव्हा न सांगता वळलेलं चाक समोरच्या गाडीवर नेऊ शकतं.

रुसवा कसा काढायचा?

उपाय सरळ आहे. तिरपी झालेली दांडी पुन्हा आडवी करायची. त्याचे दोन मार्ग.

पहिला मार्ग: वरचं टोक खाली आणा. त्यासाठी खाली वाकवलेला पिटमन आर्म मिळतो. काम सोपं आणि कमी खर्चाचं, पण लांबलेल्या हातामुळे स्टिअरिंग बॉक्सवर जास्त पीळ बसतो.

दुसरा मार्ग: खालचं टोक वर न्या. चाकाच्या सांध्याच्या डोक्यावर नवा मजबूत हात बसवायचा आणि दांडी त्याला जोडायची. याला 'हाय स्टिअर' म्हणतात. यात आणखी एक फायदा होतो. दांड्या वर गेल्यामुळे खडकावर आपटून वाकत नाहीत.

टोयोटाच्या जुन्या पिकअप गाड्या याचं छान उदाहरण आहेत. अमेरिकेत १९७९ ते १९८५ या काळात विकलेल्या त्यांच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे अखंड ॲक्सल होता आणि ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे ढकलायची. गाडी उंच केली की ती भलतीच तिरपी व्हायची. मग तिथल्या हौशी मंडळींनी डोकं चालवलं. १९८६ पासूनच्या मॉडेलमधला स्टिअरिंग बॉक्स घेतला, कारण त्याचा हात आडवा हलतो. तो जुन्या गाडीत बसवला, सांध्यावर उंच हात लावले आणि लांब, जवळजवळ आडवी दांडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेली.

पण थांबा! स्प्रिंगवाल्या गाडीत ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आणखी एक आडवी दांडी असते, पॅनहार्ड रॉड. ती एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला धरलेली असते. चाक वर गेलं की ॲक्सलही थोडा बाजूला सरकतो, कारण ही दांडीसुद्धा आपल्या पट्टीसारखीच वर्तुळात फिरते. ड्रॅग लिंक आणि ही दांडी समांतर आणि सारख्या लांबीच्या असतील तर दोघींची टोकं सारखीच सरकतात. मग ढकलाढकली होतच नाही. म्हणून शहाणा मिस्त्री एकीचं टोक हलवलं की दुसरीचंही हलवतो. एकीला आडवी करून दुसरीला तिरपी ठेवली तर दुखणं बरं होण्याऐवजी वाढतं.

सायकल काय सांगते?

आता दुसरा प्रयोग. सायकल उभी करा आणि फक्त सीट धरून पुढे ढकला. हँडल आपोआप बऱ्यापैकी सरळ राहतं. आता सीट धरूनच मागे ओढा. हँडल लगेच गर्रकन वळतं!

कारण सांगू? सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो. ज्या रेषेभोवती हँडल फिरतं ती खाली वाढवली तर जमिनीला चाकाच्या पुढे टेकते. चाक तिच्या मागून फरफटत येतं आणि फरफटत येणारी वस्तू सरळ राहते. मोटारीच्या सांध्यालाही असाच मागे कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते यामुळेच.

गाडी उंच करताना ॲक्सल थोडा फिरतो आणि हा कल कमी होतो. मग स्टिअरिंग परत येत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते. त्यावर उपाय म्हणून पाट्यांखाली पाचरीच्या आकाराचा तुकडा घालतात किंवा ॲक्सलला धरणारे आर्म कमी-जास्त लांब करून कल परत आणतात.

थरथरीचं औषध

कधी कधी अशा गाडीचं पुढचं चाक एखाद्या दणक्यानंतर इतकं थरथरू लागतं की स्टिअरिंग हातात धरवत नाही. तिकडचे ड्रायव्हर याला 'डेथ वॉबल' म्हणतात. असं झालं तर घाबरून स्टिअरिंगशी झटापट करायची नसते, वेग हळूहळू कमी करायचा असतो. पुष्कळजण नंतर एक जाडजूड डँपर बसवून मोकळे होतात. पण ते तापावर नुसती गोळी घेण्यासारखं आहे. ताप उतरतो, आजार तसाच! खरं कारण असतं सैल झालेला सांधा, झिजलेला बुश, कमी झालेला कॅस्टर किंवा नीट बॅलन्स न केलेलं चाक. ते शोधावंच लागतं.

आजोबांची आयडिया

वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. ही युक्ती आज 'ॲकरमन' या नावानं ओळखली जाते, कारण रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. पण मूळ रचना होती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांची. आणि त्याच्याही सुमारे ६० वर्षं आधी ती आपल्या घोडागाडीसाठी सुचली होती डॉ. इरॅस्मस डार्विन यांना, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या आजोबांना! सांध्यावर नवे हात बसवताना ही चाल बिघडणार नाही, हेही पाहावं लागतं.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्याकडे विलिज जीपची जोडणी मुंबईत महिंद्रांनी १९४७ मध्ये सुरू केली, तेव्हा जीपची हौस आपल्यालाही नवी नाही. हल्ली गाडी उंच करण्याची हौसही दिसते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. उंच गाडीचा तोल वळणावर लवकर जातो, हेही विसरू नये. आणि मुलांच्या सायकलचा फोर्क धडकेत वाकला असेल तर 'चालतेय ना' म्हणून ती तशीच वापरू देऊ नका. आधी दुकानात दाखवा.

मुलांनो, यंत्र असो की शरीर, सगळे भाग एकमेकांचा हात धरून असतात. एकाला उचललं की दुसऱ्याची विचारपूस करावी लागते. चांगला कारागीर तोच, जो ही विचारपूस आधी करतो.

या आठवड्याचं कोडं

एक पट्टी ३० सेंटिमीटरची, दुसरी २० सेंटिमीटरची. दोन्ही समांतर आणि सारख्याच तिरप्या ठेवल्या. दोघींची खालची टोकं ३ सेंटिमीटर वर नेली, तर ती बाजूला सारखीच सरकतील का? पुठ्ठा, टाचणी, पेन्सिल घ्या आणि स्वतः मोजा. नुसतं 'हो' किंवा 'नाही' चालणार नाही हं, मापं लिहून पाठवा. उत्तर पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई