बदनामी की नुसतीच शिवी? मालवणच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय लिहिले तर गुन्हा ठरतो

मालवणात गजाल रंगली की कोणाचे ना कोणाचे नाव निघतेच. आता गजाली व्हॉट्सॲपवर आल्या आणि त्यासोबत ‘बदनामीची केस टाकीन’ ही धमकीही. पण बदनामी नेमकी कशाला म्हणायचे?

बातम्यांत बदनामी, मानहानी, अब्रुनुकसानी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द अब्रुनुकसानी. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. चारचौघांत चेहऱ्यावरचे पाणी उतरवणे, हा अर्थ शब्दातच आहे. म्हणूनच तिसऱ्या कोणी ऐकले-वाचले नसेल, तर सहसा अब्रुनुकसानी होत नाही.

शिवी वेगळी, आरोप वेगळा. २४ ऑगस्ट २०२१ रोजी नारायण राणे यांना संगमेश्वरात अटक झाली, ती तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली मारण्याच्या भाषेवरून. त्यात कोणता गैरव्यवहाराचा आरोप नव्हता. पुढे ते या प्रकरणातून दोषमुक्तही झाले. याउलट १८८२ मध्ये टिळक-आगरकर कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावरील आरोपांमुळे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आरोपाचा आधार असलेली पत्रेच बनावट निघाली होती.

हा फरक मालवणच्या रापणकरांना आज सर्वात जास्त कळायला हवा. ‘अमक्याची बोट रात्री एलईडी लावून मासेमारी करते’ असे ग्रुपवर टाकले, की नोटिशीची भाषा सुरू होते आणि गरीब मच्छीमार पोस्ट डिलीट करतो. घाबरायचे किती?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस थेट उचलून नेत नाहीत. तक्रारदाराला न्यायालयात जावे लागते. खरी आणि लोकहिताची गोष्ट सांगणे हा अपवाद आहे. मात्र ते खरे होते, हे लिहिणाऱ्यालाच दाखवावे लागते. छोट्या माणसावर हा भार जड आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, तरी तो जडपणा कमी झालेला नाही. ऐकीव मेसेज पुढे ढकलणाराही यात अडकू शकतो.

अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा आणखी एक अपवाद. म्हणजे तोच मजकूर, तारीख-वेळ आणि फोटोसह, ग्रुपऐवजी आधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे लेखी द्यावा. पोचपावती मागायला विसरू नये.