रोवणीच्या दिवसांतले रिटर्न

नोकरदाराने आयकराचे रिटर्न जुलैअखेर भरावे, असे ज्या कोणी ठरवले त्याने साकोलीचा पावसाळा पाहिला नसावा. भंडारा जिल्ह्याच्या या भागात जुलै म्हणजे रोवणीचा महिना. पऱ्हे हाताशी आलेले असतात, बांध्यांमध्ये चिखल चाललेला असतो आणि मजुरांसाठी घरोघर धावाधाव असते. शाळेतले गुरुजी असोत, महामार्गावरचा गॅरेजवाला असो की बाजारातला कापड दुकानदार, घरी थोडीफार धानाची शेती नाही असा माणूस इथे विरळाच. अशा घाईत एखाद्या सायंकाळी तो रिटर्न भरून देणाऱ्याच्या ऑफिसात डोकावतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतले पासबुक, फॉर्म नंबर सोळा आणि विम्याच्या पावत्या टेबलावर ठेवून म्हणतो, "साहेब, यंदाचे तेवढे करून टाका." पुढचे त्याला कळते ते मोबाइलवर आलेल्या सहा आकड्यांवरून. "ओटीपी आला का? सांगा." तो सांगतो. झाले रिटर्न.

मला बोलायचे आहे ते या सहा आकड्यांविषयी.

कागदी अर्जाच्या काळात शेवटी सही करावी लागे, आणि सही करताना माणूस निदान वरचा आकडा तरी वाचत असे. आता आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा हा आकडा हीच सही. ती पडल्याशिवाय रिटर्न वैध होत नाही आणि तिच्यासाठी मुदत तीस दिवसांची. या सहीचा अर्थ असा की वर लिहिलेले सगळे माझे आहे, खरे आहे आणि पूर्ण आहे. फोनवर आकडे सांगताना आपण एवढे सगळे सांगत असतो. भरून देणाऱ्याची त्यात सही नसते. "आमची फाइल अमक्यांकडे असते" हे वाक्य आपल्याकडे मोठ्या निश्चिंतपणे उच्चारले जाते. फाइल त्यांच्याकडे असेल, जबाबदारी मात्र घरीच राहते.

म्हणून त्या बिचाऱ्यावर राग काढावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तालुक्याच्या गावी हा माणूस फार उपयोगाचा असतो. कुणी चार्टर्ड अकाउंटंट असतो, कुणी कराची कामे करणारा वकील, तर कुणी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दुसऱ्याचे साधे रिटर्न भरून देण्यासाठी आपल्या देशात परवाना लागत नाही. सरकारचा हिशेब आणि आपण यांच्यामध्ये एक जाणता माणूस असावा, ही या मुलखाची जुनी सवय आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत शेतसारा मालगुजारामार्फत जाई. नंतर पटवारी आला, तहसील कचेरीबाहेरचा अर्जनवीस आला. हल्ली त्या जागी संगणक घेऊन बसलेला माणूस आहे, इतकेच.

ही गरज कमी करण्याचे प्रयत्न सरकारने केले नाहीत असे नाही. १९९२ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी लहान किरकोळ दुकानदारांसाठी योजना आणली. विक्री पाच लाखांच्या आत असेल तर ठोक १४०० रुपये भरा आणि मोकळे व्हा. १९९८ मध्ये यशवंत सिन्हांनी एका पानाचा 'सरल' अर्ज आणला. २००६ मध्ये पदवीधर तरुणांना शिकवून रिटर्न भरणारे तयार करण्याची योजना निघाली आणि करदात्याकडून त्यांनी जास्तीत जास्त २५० रुपये घ्यावेत असे ठरले. मग सगळे संगणकावर गेले. जून २०२१ मध्ये आयकर खात्याचे नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि ते इतके अडखळले की त्या वर्षीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. अर्ज सोपा झाला, हे खरे. पण अर्जात काय लिहायचे हा प्रश्न सोपा झाला नाही, आणि आपल्या भागात तो मुळातच अवघड आहे.

शेतीच्या उत्पन्नाचेच पाहा. शेतीला आयकर नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. पण शेती म्हणजे काय? आपल्या बांध्यांतले धान विकून आलेले पैसे शेतीचे. घरच्या गिरणीत दुसऱ्यांचे धान भरडून मिळालेले पैसे धंद्याचे. दोन म्हशींचे दूध डेअरीला घातले तर ते उत्पन्न, आपण कितीही 'जोडधंदा' म्हटले तरी, आयकराच्या भाषेत शेतीचे नव्हे. हा तर तलावांचा जिल्हा. तलाव किंवा बोडी ठेक्याने घेऊन मासळी काढली, तर तेही शेतीत येत नाही. शिवाय शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर आणि बाकीचे उत्पन्न कराच्या मूळ मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडाही जमेस धरतात. ही तरतूद १९७३ च्या वित्त कायद्यापासूनची आहे, तरी ती ऐकून चकित होणारे पगारदार आजही भेटतात. सरकारी खरेदीतल्या धानाचे चुकारे हल्ली थेट बँकेत जमा होतात. खात्यावरची ही रक्कम कसली, असे उद्या कुणी विचारले तर सातबारा आणि केंद्राची काटापावती हेच उत्तर. पण त्या दोन गोष्टी पिशवीतून टेबलावर आल्याच नाहीत, तर समोरच्या माणसाने काय करावे? तो अंदाजाने लिहितो, आणि अंदाज आपल्या नावावर नोंदला जातो.

दुकानदारांची गोष्ट निराळी. रिटर्न कर भरण्यासाठी असते, हे लहान गावात फारसे कुणाच्या मनातच नसते. रिटर्न असते ते बँकेसाठी. घर बांधायचे आहे, ट्रॅक्टर घ्यायचा आहे, की साहेब म्हणतात, "तीन वर्षांचे रिटर्न आणा." किराणा दुकानाची वर्षाची विक्री तीस लाख असेल, तर अंदाजी नफ्याच्या पद्धतीत वह्या न दाखवता आठ टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार उत्पन्न दाखवता येते. पैसे बँकेमार्फत किंवा मोबाइलवरून आले असतील तर तेवढ्या भागावर सहा टक्केही चालतात. मात्र हे किमान झाले; खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा, असे कायदा म्हणतो.

पूर्वी लोकांचा कल आकडा खाली ओढण्याकडे असे. आता उलटेही होऊ शकते. २०२५-२६ च्या उत्पन्नापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही. (कर लागत नाही म्हणजे रिटर्न लागत नाही असे कुणी समजू नये. चार लाखांच्या वर गेले की ते भरायचेच.) मग दोन लाख चाळीस हजारांच्या जागी सात लाख लिहायला खर्च काय? काहीच नाही. कर शून्य आणि कर्ज मोठे! "साहेब, जरा वाढवून द्या" अशी विनंती करायला एवढे पुरते, आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ती मान्य करणारेही निघतात. हप्ता मात्र रिटर्नमधल्या उत्पन्नातून जात नाही, तो गल्ल्यातून जातो. कागदावरच्या सात लाखांवर घेतलेले घर खऱ्या अडीच लाखांत फेडताना त्या कुटुंबाचे काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि ती घरोघरी बोलली जावी असे वाटते. मुंबई-कोलकाता महामार्ग साकोलीतून जातो. कर्ता माणूस अपघातात गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवताना पहिला प्रश्न विचारते : त्याचे उत्पन्न किती होते? डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात म्हटले, की आयकराचे रिटर्न हा वैधानिक दस्तऐवज आहे आणि वार्षिक उत्पन्न ठरवताना त्याचा आधार घेता येतो. ज्याने चार लाख कमावले आणि वर्षानुवर्षे दोन लाख लिहिले, त्याच्या मागे राहिलेल्या बायको-मुलांनी तोंडी चार लाख सांगून भागत नाही. त्याने वाचवलेला कर फार तर काही हजारांचा असेल.

आता पगारदारांकडे वळू. "दुसऱ्यांपेक्षा जास्त रिफंड काढून देतो, आलेल्या रकमेतले अमुक टक्के माझे" असे सांगणारे लोक गेल्या काही वर्षांत बोकाळले. न दिलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी, नसलेले आजारपण दाखवून रिफंड मागायचा, हे त्यांचे कसब. १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर तपासणी मोहीम जाहीर केली. महाराष्ट्रही त्यात होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असेही मंडळाने सांगितले. त्याच निवेदनातली एक बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. यांपैकी अनेकजण गठ्ठ्याने रिटर्न भरण्यासाठी तात्पुरता ई-मेल पत्ता उघडतात आणि काम झाले की तो सोडून देतात. खात्याची नोटीस त्या बेवारस पत्त्यावर जाऊन पडते. करदात्याला पत्ताच नसतो. उत्पन्न चुकीचे सांगितल्याचे सिद्ध झाले तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो, आणि तो टक्केवारी घेऊन गेलेल्याला होत नाही.

तेव्हा आपल्या रिटर्नमध्ये मोबाइल कुणाचा आणि ई-मेल कुणाचा, हे आजच पाहून घ्या. भरून देणाऱ्याचा असेल तर बदलायला सांगा; प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. ओटीपी सांगण्यापूर्वी एकूण उत्पन्न, वजावटी आणि रिफंड, एवढे तीन आकडे त्याच्याकडून वाचून घ्या. पोचपावती आणि उत्पन्नाचा हिशेब यांची छापील प्रत दरवर्षी मागा. टक्केवारीवर काम करणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका. आणि जो नीट बसवून विचारतो, सातबारा मागतो, "हे लिहिता येणार नाही" असे तोंडावर सांगतो, त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण डॉक्टरच्या फीसाठी भांडत नाही, मग यांच्याशीच का भांडतो हे मला न उलगडलेले कोडे आहे.

आणखी एक. बहुतेक घरांत हे सगळे एकट्या पुरुषाला ठाऊक असते. तो गेला तर त्या वर्षाचे त्याचे रिटर्न वारसाला भरावे लागते, आणि त्या वेळी फाइल कुणाकडे, पासवर्ड काय, मागची तीन रिटर्न कुठे, हे शोधत बाईमाणसाने गावभर फिरायचे का? सातबारा, विम्याची पॉलिसी आणि पासबुके ज्या डब्यात असतात त्यातच एका वहीवर हे लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

जुलैत हे जमणार नाही, मान्य. पण धान कापून घरात आले, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की आपल्यालाही सवड असते आणि ऑक्टोबरअखेरची ऑडिटची गर्दी उरकलेली असल्याने रिटर्न भरून देणाऱ्यालाही. त्या दिवसांत नवरा-बायकोने मिळून एकदा त्याच्याकडे जावे. पिशवी सोबत न्यावी, आणि वहीसुद्धा.